‘नको’ नेमका कुणाला?

सप्टेंबरात कासला निघालो होतो. २०१२ साली पठार जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून गर्दी विचारूच नका. घाट चढल्यावर एका टपरीशेजारी हातानं रंगवलेली पाटी दिसली: ‘यू डोन्ट हॅव टू प्लक फ्लॉवर्स’. म्हणजे, फुलं तोडलीच पाहिजेत असं काही नाही. हौस असेल तर तोडा! भाचा खो खो हसला. टपरीवाले मामा म्हणाले, “कालेजातल्या पोराकडनं लिहून घेतलंय. ‘फुलं तोडायला नकोत’ असं लिही म्हटलं हुतं.”

पोराचं फारसं चुकलेलं नाही. घोळ ‘नको’चा आहे.

‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ म्हणजे ‘पाहिजे’, असं शाळेत शिकवतात. होकारात ते खपून जातं. नकार आला की दोघं फुटतात. कारण अशा वाक्यात दोन गोष्टी असतात, सक्ती आणि नकार, आणि कुणाच्या पोटात कोण बसलंय यावर सगळं ठरतं. ‘मस्ट नॉट’मध्ये नकार आत: ‘न तोडणं’ सक्तीचं. ‘डोन्ट हॅव टू’मध्ये नकार बाहेर: ‘तोडणं सक्तीचं’ हेच नाही. यालाच नकाराची व्याप्ती म्हणतात.

आता ‘नको’ बघा. “उद्या सुट्टी, शाळेत जायला नको!” इथं सक्ती उठली. “अंधारात एकटीनं जायला नको.” इथं मनाई. शब्द तोच, नकार एकदा बाहेर, एकदा आत. आपण प्रसंगावरून ओळखतो. पोरानं बाहेरचा उचलला. ‘तोडू नये’ म्हटलं असतं तर घोटाळाच नव्हता.

१९५१ साली फिनलंडचे तत्त्वज्ञ फॉन व्रिक्त यांनी याचं तर्कशास्त्रच मांडलं. पाया एकच, परवानगी. मनाई म्हणजे करण्याची परवानगी नाही. सक्ती म्हणजे न करण्याची परवानगी नाही. म्हणून ‘मे नॉट’मध्ये नकार बाहेर असूनही अर्थ ‘मस्ट नॉट’चाच: परवानगी नाही म्हणजेच न करण्याची सक्ती. (हे वाक्य दोनदा वाचा, मीही वाचलं.) त्यात ‘मस्ट’चं मूळ जुन्या इंग्रजीत ‘मुभा असणे’ असं होतं! आणि जर्मनमधला त्याचाच भाऊबंद ‘म्युसेन’ नकारात ‘गरज नाही’ असं सांगतो. एकाच मुळाचे शब्द असे वेगवेगळे वागतात. तेव्हा ‘अमुक भाषाच तर्कशुद्ध, म्हणून तीच संगणकाला योग्य’ असले व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आले की खुशाल पुसावेत.

परतताना मामांना पाटीचा अर्थ सांगितला. ते कप विसळत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. इंग्रजी वाचणारं न्हाई तोडत. तोडणारं पाटीच वाचत न्हाईत.”