एक्सआरडीवरून नॅनोकणांचा आकार काढायचाय? मग अर्जातच हे मागून घ्या

कॉलेजात एक्सआरडी यंत्र (पदार्थावर एक्स-रे टाकून त्याची स्फटिकरचना तपासणारं) नसेल तर एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून पीएचडीपर्यंत सगळ्यांनाच सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं. बहुतेक जण अर्जात ‘एक्सआरडी, २० ते ८० अंश’ एवढंच लिहितात आणि आलेल्या आलेखाला शेररचं सूत्र (आलेखातल्या उंचवट्याच्या रुंदीवरून आकार काढणारं) लावून मोकळे होतात. पदार्थ कोणता आहे हे ओळखायला तेवढं पुरतं, पण आकार काढायला नाही.

अर्ज कुठे करायचा? महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातलं सैफ-सीएफसी हे सामायिक उपकरणांचं केंद्र बाहेरच्यांची सॅम्पल घेतं. जवळपास आणखी कुठे यंत्र आहे ते पाहायला आय-स्टेम हे राष्ट्रीय पोर्टल आहे. जानेवारी २०२० मध्ये ते सुरू झालं. देशभरातल्या संस्थांची उपकरणं तिथे शोधता येतात आणि स्लॉटही मागता येतो.

पात्रतेची फारशी अडचण नसते. विद्यार्थी, प्राध्यापक, सरकारी प्रयोगशाळा, उद्योग, स्टार्टअप अशा सगळ्यांसाठी ही केंद्रं साधारणपणे खुली असतात, फक्त दर वेगवेगळे असतात. विद्यार्थ्याला शैक्षणिक दर हवा असेल तर तसा पुरावा द्यावा लागतो: कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड आणि गाईड व विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचा अर्ज. सोबत पैसे भरल्याची पावती लागते. बिल कॉलेजच्या नावावर हवं असेल तर कॉलेजचा जीएसटी क्रमांक आधीच कळवा, बिल निघाल्यावर तो घालून घेणं म्हणजे हेलपाटे. सॅम्पल विषारी, ज्वालाग्राही किंवा ओलावा शोषणारं असेल तर तेही लिहून द्यायचं असतं. हे लपवू नका, यंत्रावर माणूस बसलेला असतो.

पावडर खलून अगदी बारीक आणि कोरडी करा. किती लागेल ते होल्डरवर ठरतं, म्हणून आधी विचारून घ्या. प्रत्येक बाटलीवर अर्जातलाच कोड लिहा. सॅम्पलमध्ये लोह किंवा कोबाल्ट असेल, म्हणजे फेराइटवाल्यांनी (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडवर काम करणाऱ्यांनी), तो उल्लेख जरूर करावा. यंत्रातल्या तांब्याच्या नळीचे एक्स-रे पडले की हे अणू स्वतःच चमकू लागतात आणि पार्श्वभूमी इतकी वर जाते की बारीक पीक (आलेखातले टोकदार उंचवटे) त्यात बुडून जातात.

आता अर्जातला ‘विशेष सूचना’ हा रकाना. तो रिकामा सोडू नका, तीन गोष्टी लिहा. पहिली, स्टेप (लागोपाठच्या दोन मोजण्यांमधलं कोनाचं अंतर) ०.०२ अंश किंवा त्याहून बारीक आणि वेग कमी. दुसरी, नुसतं चित्र नको, आकड्यांची कच्ची फाईल हवी. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात: त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगला घेतलेला लँथॅनम हेक्झाबोराइडसारख्या प्रमाणित पदार्थाचा डेटा. पीक रुंद होतं ते काही अंशी यंत्रामुळेही, आणि तो वाटा वजा करायला हाच डेटा लागतो.

हिशोब करून पाहू. पॉल शेररने १९१८ मध्ये दिलेलं सूत्र असं: आकार = ०.९ × तरंगलांबी ÷ (रुंदी × कॉस थीटा). तांब्याच्या नळीसाठी तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. झिंक ऑक्साइडचं सगळ्यात उंच पीक ३६.२५ अंशांच्या आसपास येतं. हा कोन दोन थीटा असतो, म्हणून कोसाइन १८.१२५ अंशांचा घ्यायचा. समजा अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.२० अंश आली. ती तशीच घातली तर आकार ४२ नॅनोमीटर निघतो. यंत्राची रुंदी ०.१० अंश असेल आणि ती वर्गांच्या वजाबाकीने काढून टाकली तर ४८. पीक ०.४५ अंश रुंद असेल तर मात्र हा फरक जेमतेम अर्धा नॅनोमीटर राहतो. कण जितके मोठे, तितका प्रमाणित डेटा महत्त्वाचा. १०० नॅनोमीटरच्या पुढे तर साध्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर या सूत्राचा भरवसा धरू नये.

रुंदी रेडियनमध्ये घ्यायची हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी चुकतं. ०.४५ अंश तसेच घातले तर उत्तर ०.३२ नॅनोमीटर येतं. झिंक ऑक्साइडच्या एका युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान घटकाची) उंचीच ०.५२ नॅनोमीटर आहे! असं उत्तर दिसलं की कॅल्क्युलेटर पुन्हा हातात घ्या.

निघालेला आकडा स्फटिकाचा असतो, कणाचा असेलच असं नाही. एका कणात अनेक स्फटिक चिकटलेले असू शकतात. त्यामुळे टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) कण ६० नॅनोमीटरचा दिसला आणि एक्सआरडीने २० सांगितलं, तर दोन्ही खरं असू शकतं. प्रबंधात ‘स्फटिक आकार’ असंच लिहा. स्फटिकातल्या अणूंच्या जाळीतला ताणही पीक रुंद करतो. तो वेगळा काढायचा तर विल्यमसन-हॉल आलेखासाठी बरेच पीक लागतात, म्हणून स्कॅन ८० अंशांवर न थांबवता ९०-१०० पर्यंत मागा. जास्तीच्या वेळेचे पैसे पडतात का, हे स्लॉट पक्का करण्याआधी विचारून घ्या.