उसुरी नदीतून वर काढलेला 545 : चिनी रणगाड्यांची पार्श्वभूमी

1949 च्या ऑक्टोबरमध्ये माओंच्या सैन्याने बीजिंगमध्ये रणगाडे मिरवले, तेव्हा त्यांतला एकही चीनमध्ये बनलेला नव्हता. संचलनात पुढे होता तो शेनयांगमध्ये हाती लागलेला जपानी रणगाडा.

स्वतःचा कारखाना उभा राहिला तो सोव्हिएत मदतीने, इनर मंगोलियातल्या बाओटौ इथे. सोव्हिएत टी-54ए वर बेतलेला ‘टाइप 59’ तिथे तयार झाला : वजन सुमारे 36 टन, 100 मिमीची तोफ, 520 अश्वशक्तीचं इंजिन. पाकिस्तानलाही तो मिळाला. 1971 च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या वाळूत आपल्या हंटर विमानांनी टिपलेल्या रणगाड्यांत हे टाइप 59 होते.

दरम्यान, 1960 मध्ये मॉस्कोने आपले तंत्रज्ञ परत बोलावले आणि मदतीचा ओघ आटला. पुढचा धडा चीनला मिळाला तो रणांगणावर. मार्च 1969 मध्ये चीन-सोव्हिएत सीमेवरच्या उसुरी नदीतल्या झेनबाओ बेटावरून दोन्ही सैन्यं भिडली. गोठलेल्या नदीवरून पुढे आलेल्या सोव्हिएत टी-62 रणगाड्यांपैकी 545 क्रमांकाचा रणगाडा चिनी सैनिकांनी निकामी केला. तो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सोव्हिएत तोफांनी बर्फच फोडला आणि रणगाडा तळाला गेला. चिनी नौदलाच्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या जवानांनी तो वर काढला. टाइप 59 च्या हाती 100 मिमीची तोफ असताना शेजाऱ्याकडे गुळगुळीत नळीची 115 मिमीची तोफ होती, हे चिनी अभियंत्यांना आता हाताने मोजून पाहता आलं. तो रणगाडा पुढे बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात ठेवण्यात आला. त्याच्या अभ्यासाचा उपयोग ‘टाइप 69’ साठी झाला. पण या रणगाड्याला खरी मागणी आली ती इराकसारख्या गिऱ्हाइकांकडून.

1980 च्या दशकात पाश्चात्त्यांशी सूत जुळलं. ब्रिटिश घडणीची 105 मिमीची तोफ आणि नेमबाजीची संगणकीय यंत्रणा चिनी रणगाड्यांवर आली. 1989 मध्ये तिआनानमेन चौकात रणगाडे आपल्याच नागरिकांवर घातले गेले आणि त्यावरून पाश्चात्त्यांनी घातलेल्या निर्बंधांनी हेही दार बंद झालं. दोनच वर्षांत आखाती युद्धात अमेरिकी आघाडीने इराकचे टाइप 69 मोडून काढले. जुन्या साच्यात डागडुजी करून भागणार नाही, हे त्यानंतर नाकारता येण्यासारखं नव्हतं.

नव्या रणगाड्याचं काम तोवर सुरू झालेलं होतं. झू युशेंग यांच्या नेतृत्वाखाली घडलेला हा रणगाडा 1999 च्या संचलनात दिसला आणि ‘टाइप 99’ म्हणून सैन्यात आला. 125 मिमीची तोफ, गोळा आपोआप भरणारी यंत्रणा. ‘99ए’ मध्ये तर 1500 अश्वशक्तीचं इंजिन. ‘नुसती नक्कल’ म्हणून चिनी रणगाडे झटकून टाकण्याची आपल्याकडची सवय मला घातक वाटते. सांगाडा रशियन वळणाचा असेल, पण इंजिनाची ताकद जवळजवळ तिप्पट करणं हे नकलेचं काम नव्हे.

टाइप 99 साठी तिबेटचं पठार मात्र गैरसोयीचं. विरळ हवेत इंजिनाचा दम तुटतो आणि पुलांना एवढं वजन पेलत नाही. त्यासाठी सुमारे 35 टनांचा ‘टाइप 15’ आला. 2020 नंतर लडाखच्या सीमेवर चीनने तोच उभा केला. त्याला उत्तर म्हणून भारताचा 25 टनांचा ‘झोरावर’ आखला गेला. त्याचा नमुना जुलै 2024 मध्ये हजिरा इथे दाखवण्यात आला.