स्तनतपासणी (खानदेश)

कसलाही त्रास जाणवत नसताना स्तनाचा कर्करोग लवकर सापडावा म्हणून केली जाणारी तपासणी. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर ५ वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने तपासणी करावी, असे आहे. मॅमोग्राफीसाठी (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीसाठी) शहर गाठावे लागणाऱ्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हीच पद्धत पहिल्या टप्प्याला योग्य ठरते.

तिला भक्कम आधार आहे. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये मुंबईत १,५१,५३८ स्त्रियांवर अभ्यास सुरू झाला. आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी, अशा ४ फेऱ्यांत तपासणी केली. २० वर्षांनंतर पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याहून लहान वयात तशी घट आढळली नाही.

पाळी येत असल्यास ती सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांनी तपासावे. पाळीआधी स्तन जड व गुठळ्यांचे लागतात. बसवून, हात वर व कमरेवर ठेवायला सांगून खळगा, ओढले गेलेले बोंड, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा पाहतात. मग निजवून, खांद्याखाली कापडाची घडी ठेवून, मधल्या तीन बोटांच्या पेरांच्या गादीने गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत चाचपतात. प्रत्येक जागी हलका, मध्यम, खोल असा दाब द्यायचा, बोटे न उचलता. एका स्तनाला तीनेक मिनिटे हवीत. घाई झाली की काख आणि वरचा बाहेरचा भाग राहतो, आणि गाठी तिथेच जास्त होतात.

कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ असे म्हणत कापूस वेचणीचा हंगाम निघून जातो.

गाठ लागल्यास चाळिशीपुढे मॅमोग्राफी, त्याआधी बहुधा सोनोग्राफी. तरुण स्तन दाट असल्याने क्ष-किरणांत गाठ झाकली जाते. मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर लावू नये, तिचे कण कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटतात. चित्र स्वच्छ आले तरी हाताला लागणारी संशयास्पद गाठ सोडून देऊ नये. निदान सुईने तुकडा काढूनच पक्के होते. या सुईच्या तपासणीआधीच गाठ कापून टाकल्यास पुढच्या शस्त्रक्रियेचे नियोजन बिघडते.

नंदुरबारची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. म्हणून पुढची तारीख टोळी निघण्याआधीची द्यावी आणि सोबत जाणाऱ्या नातेवाइकाचा फोन नंबर आशाताईंच्या वहीत असावा.