उष्णता तयार करायची की उपसायची?

वीजबिल कमी करण्याचे उपाय सांगणाऱ्या याद्या सतत फिरत असतात. त्यांचा मला राग येतो, पण उपाय चुकीचे असतात म्हणून नाही. बरेचसे बरोबरच असतात. राग याचा येतो की फोनचा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवणं आणि पाणी तापवायचा गीझर जपून वापरणं हे दोन्ही तिथे एकाखाली एक, सारख्याच तोलाचे म्हणून छापलेले असतात. वाचणारा इमानेइतबारे चार्जर काढत राहतो आणि महिनाअखेरीस बिल जागचं हललेलं नसतं.

एकदा आकडे मांडून बघू. फोनच्या बॅटरीत साधारण १५ वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जरमध्ये वाया जाणारी धरून २० म्हणा. बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, म्हणजे एका युनिटमध्ये फोन ५० वेळा पूर्ण चार्ज होतो. आता आंघोळीचं २० लिटर पाणी घ्या आणि ते फक्त २० अंशांनी तापवा. एक किलो पाणी एक अंशाने तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात. गुणाकार केला की १६७२ किलोज्यूल होतात. एका युनिटमध्ये ३६०० किलोज्यूल असतात, म्हणून खर्च झाला ०.४६ युनिट. एका माणसाची एक आंघोळ म्हणजे फोनचं तीन आठवड्यांचं चार्जिंग!

घरातल्या विजेचं गणित बहुतेक सगळं इथेच आहे. उजेड, आवाज, चित्र, आकडेमोड ही कामं आता फार थोड्या विजेत होतात. ६० वॉटच्या जुन्या बल्बचं काम ९ वॉटचा एलईडी करतो. पण काही तापवायचं म्हटलं की निसर्ग सूट देत नाही. त्या पाण्याला १६७२ किलोज्यूल द्यावेच लागतात, गीझर कुठलाही असो. म्हणूनच ‘वीज वाचवणारा रूम हीटर’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हावं. हीटर तेलाचा असो, सिरॅमिकचा असो की लाल तारेचा, एक युनिट विजेतून एक युनिट उष्णता निघते, ना कमी ना जास्त. हे जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकातच मोजून ठेवलं आहे. अंगावर थेट शेक देणारा हीटर अख्खी खोली तापवत बसत नाही, एवढाच काय तो फरक.

मग सुटकेचा मार्ग? आहे, आणि तो माझ्या मते शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रातला सर्वांत देखणा भाग आहे. त्याची सुरुवात उघड्या भांड्यापासून करू.

एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. पण त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायची तर आणखी २२५७ किलोज्यूल मोजावे लागतात, सातपट. आणि एवढं देऊनही तापमान १०० वरून एक अंशही वर सरकत नाही. सगळी ऊर्जा रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात जाते. तीच सुप्त उष्णता. (म्हणून उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून काहीही लवकर शिजत नाही, फक्त वाफ वाढते. झाकण ठेवा आणि आच कमी करा. गॅसवर असो वा विजेवर, स्वयंपाकघरातली ही मोठी बचत.)

आता हीच सुप्त उष्णता उलटी कामाला लावता येते. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होताना तेवढीच परत टाकतो. शिवाय उकळायचं तापमान दाबावर अवलंबून असतं. समजा असा पदार्थ सापडला की जो कमी दाबाखाली ५ अंशांना उकळतो आणि जास्त दाबाखाली ५० अंशांना पुन्हा द्रव होतो. त्याला बंद नळीत फिरवत ठेवायचं. खोलीतल्या भागात दाब कमी ठेवायचा, तिथे तो उकळेल आणि खोलीतल्या हवेतून उष्णता घेईल. मग कॉम्प्रेसरने ती वाफ दाबायची, बाहेरच्या भागात तिचा द्रव होईल आणि घेतलेली उष्णता बाहेरच्या हवेत सोडेल. मधल्या बारीक तोंडातून जाताना दाब पुन्हा उतरतो, आणि चक्र चालू. एसी आणि फ्रिज म्हणजे हेच. जेकब पर्किन्स याने या चक्राचं पेटंट १८३४ साली घेतलं, तेव्हा नळीत ईथर होतं. आजच्या अनेक एसींमधला आर-३२ हा ‘गॅस’ हवेच्या साध्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो.

यात गंमत अशी की कॉम्प्रेसर उष्णता तयार करत नाही, ती फक्त उपसतो. दीड टनाचा एसी दर सेकंदाला सुमारे ५.२ किलोज्यूल उष्णता खोलीबाहेर काढतो आणि त्यासाठी वीज घेतो साधारण दीड किलोवॉटच, म्हणजे सेकंदाला दीड किलोज्यूल. (‘टन’ हे माप बर्फाच्या काळातलं. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो १ टन.) एक भाग विजेत साडेतीन भाग उष्णता हलते आणि ऊर्जा अक्षय्यतेचा नियम जराही मोडत नाही. बाहेरच्या युनिटमधून ५.२ अधिक १.५, म्हणजे ६.७ बाहेर पडतात. हिशोब पक्का जुळतो.

पाणी उपसायला लागणारे कष्ट जसे किती उंच चढवायचं यावर ठरतात, तसंच इथेही आहे, फक्त उंचीच्या जागी तापमानातला फरक येतो. पाया घातला सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने, १८२४ मध्ये. आदर्श यंत्रात, थंड बाजूकडून Q एवढी उष्णता काढायला लागणारं काम = Q × (दोन बाजूंच्या तापमानांतला फरक) ÷ (थंड बाजूचं केल्व्हिनमधलं, म्हणजे सेल्सिअस अधिक २७३, तापमान). भाजक २८० च्या घरात असतो आणि फारसा बदलत नाही. बदलतो तो फरक.

आता थर्मोस्टॅटकडे, म्हणजे एसीवर ठरवायच्या तापमानाकडे, या. बाहेर ३६ अंश आहेत. खोली २० वर ठेवली तर फरक १६, आणि २६ वर ठेवली तर १०. भिंती आणि छतातून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे २६ वर ती १० भागिले १६, ०.६३ पट. झाला पहिला फायदा. दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही: आत आलेली ती उष्णता उपसायची चढणही कमी झाली. दोन्ही गुणले की आदर्श यंत्रात काम फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात जातं, ०.३९ पट!

प्रत्यक्षात एवढी चंगळ होत नाही. उष्णता नळीत शिरायला आतली नळी खोलीपेक्षा थंड हवी आणि बाहेर पडायला बाहेरची नळी हवेपेक्षा गरम हवी. दोन्हीकडे दहा-दहा अंश धरले तर चढण ३६ विरुद्ध ३० अंश होते, गुणोत्तर ०.८३. त्याला ०.६३ ने गुणा, ०.५२ येतं. भिंतींतून येणाऱ्या उष्णतेपुरती तरी वीज जवळजवळ निम्म्यावर आली. खिडकीतून येणारं ऊन आणि प्रत्येक माणसाच्या अंगातून निघणारे सुमारे १०० वॉट मात्र थर्मोस्टॅटला जुमानत नाहीत. खिडकीबाहेर सावली केली तर त्यातलं ऊन तरी अडतं.

ते दहा-दहा अंश डोक्यात ठेवलं की बाकीच्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही. एसीच्या फिल्टरवर धूळ बसली तर आतली नळी आणखी थंड करावी लागते, चढण वाढते. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला तर मागची उष्णता कोंडते, चढण वाढते. फ्रीझरमध्ये बर्फाचा थर साचला, तरी तेच. इन्व्हर्टर एसी का वाचवतो? जुना कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालतो, मग बंद पडतो. इन्व्हर्टर सावकाश चालत राहतो. नळ्या तेवढ्याच मोठ्या पण उष्णता कमी, म्हणून त्या दहा अंशांचे पाच-सहा होतात. आणि खोली ‘लवकर’ गार व्हावी म्हणून १८ वर नेणं व्यर्थ आहे. पूर्ण जोरात चाललेला कॉम्प्रेसर १८ लाही तेवढ्याच वेगाने थंड करतो, फक्त थांबत नाही.

‘बंद करून पुन्हा लावला तर जास्त वीज खातो, म्हणून चालूच ठेवतो’ हेही याच चष्म्यातून बघा. बंद असताना खोली तापते तसतसा फरक घटतो आणि आत झिरपणारी उष्णताही घटते. परत आल्यावर तेवढीच उपसायची असते जेवढी शिरली, आणि ती कमीच शिरली. तासभर बाहेर जाणार असाल तर बंद करा. गीझरलाही हेच लागू, दिशा तेवढी उलटी.

सॉकेटला लावायची एक डबी विकली जाते. दिवा लागतो आणि म्हणे बिल निम्मं होतं. उघडून पाहिलं तर आत बहुधा एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग. त्याने पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या प्रवाहातला किती हिस्सा खरोखर कामी येतो ते प्रमाण, सुधारतो हे खरं. मोटर घेते त्या प्रवाहाचा एक हिस्सा व्होल्टेजच्या मागे पडतो, त्या हिश्श्याची ऊर्जा पाव आवर्तनात आत येते आणि पुढच्या पाव आवर्तनात परत जाते. कपॅसिटर ही ये-जा जागच्या जागी भागवतो. पण घरगुती मीटर सर्वसाधारणपणे मोजतं ती खरोखर खर्ची पडलेली ऊर्जा. परत गेलेली मुळात बिलात नव्हतीच, मग वाचणार काय? मंतरलेला ताईत आणि ही डबी यांत फरक इतकाच की ताईत भिंतीत खोचावा लागत नाही.

पंख्याने खोली गार होत नाही. उलट त्याच्या मोटरचे वॉट उष्णता होऊन खोलीतच राहतात. तो गार करतो घामाची वाफ करून, पुन्हा सुप्त उष्णताच. म्हणून माणूस नसलेल्या खोलीत पंखा निव्वळ हीटर. माणूस असेल तर मात्र पंख्याच्या जोरावर एसी दोन-तीन अंश वर ठेवता येतो, आणि त्या अंशांची किंमत वर काढलीच आहे. पंखा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा असेल तर ७५ ऐवजी ३० वॉटमध्ये भागतं.

आणि आंघोळीचं पाणी? तिथेही उपसा चालतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ मध्येच दाखवलं होतं की इमारत उबदार ठेवायला इंधन थेट जाळण्यापेक्षा त्यावर यंत्र चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणं स्वस्त पडेल. हीट पंप गीझर हेच करतो. हवेतून उष्णता घेऊन पाण्यात टाकतो, आणि ०.४६ युनिटचं काम साधारण ०.१५ मध्ये होतं. यंत्र महाग असतं, जागा खातं आणि पाणी सावकाश तापवतं. एकट्यादुकट्याला परवडेल असं नाही. मोठ्या कुटुंबाने मात्र गणित करून पाहावं.

गणित करायला उपकरण घरातच आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे शेजारी छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. २ किलोवॉटचा गीझर लावला की मिनिटाला १०७ वेळा लुकलुकेल, जवळपास सेकंदाला दोनदा. एकटा ९ वॉटचा दिवा चालू असेल तर दोन लुकलुकींमध्ये दोन मिनिटं जातील. घरातलं सगळं बंद करून मग मोजा. तरीही दर पाव मिनिटाला लुकलुकत असेल, तर कुठेतरी ७५ वॉट गुपचूप चालू आहेत.