कर्जमर्यादेचा निसरडा उतार

2023 च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी सरकारच्या तिजोरीत 39 अब्ज डॉलरपेक्षाही कमी रोकड उरली होती. जूनच्या सुरुवातीला मुदत संपणाऱ्या काही ट्रेझरी बिलांवरचा, म्हणजे अल्प मुदतीच्या सरकारी कर्जरोख्यांवरचा, परतावा 7 टक्क्यांच्या वर गेला. एरवी जगातले सर्वांत सुरक्षित कर्ज मानले जाते ते हेच. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीचाही मोठा भाग अमेरिकी रोख्यांत आहे. ते घ्यायला गुंतवणूकदार कचरू लागले, कारण कर्ज काढण्याची परवानगी वॉशिंग्टनमध्ये मुद्दाम अडवून धरली होती.

तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, खर्च मंजूर करते आणि करही ठरवते. मधली तूट कर्जाने भरावी लागते. पण एकूण कर्ज किती असावे याचा आकडाही काँग्रेसनेच वेगळ्या कायद्याने बांधला आहे. या व्यवस्थेचे मूळ 1917 मधल्या युद्धकर्जांत आहे. मर्यादा वाढवली म्हणून एका डॉलरचाही नवा खर्च मंजूर होत नाही. आधी कबूल केलेली देणी फेडता येतात, एवढेच. पेन्शन, सैनिकांचे पगार, रोख्यांवरचे व्याज, सगळे त्यात आले.

मग हे अडवून कोणाला काय मिळते? याचे सर्वांत चांगले उत्तर थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाकडे आहे. संघर्ष आणि सहकार्य यांच्या गणितासाठी त्यांना 2005 चे नोबेल मिळाले. दोघांचाही सर्वनाश करणारी धमकी कोणी खरी मानत नाही, कारण ती देणाराही त्यात संपतो. शेलिंग म्हणतात, कड्याला धारदार टोक नसते, तिथे निसरडा उतार असतो. एकाच दोराने बांधलेल्या दोघांपैकी एक जण खाली सरकू लागला, की दुसऱ्याला घाम फुटतो. ‘मी उडी मारेन’ असे त्याला म्हणावेच लागत नाही. पाय केव्हाही घसरू शकतो, एवढे पुरते. ब्रिंकमनशिपचा, म्हणजे समोरच्याला नमवण्यासाठी विनाशाच्या कडेपर्यंत जाण्याच्या डावपेचाचा, जोर असा योगायोगावर हवाला ठेवण्यात असतो.

2023 मध्ये हा योगायोग कॅलेंडरवर दिसत होता. 31.4 लाख कोटी डॉलरची मर्यादा 19 जानेवारीलाच गाठली गेली होती. त्यानंतर अर्थखात्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीतली गुंतवणूक तात्पुरती थांबवण्यासारखे उपाय करून वेळ काढला. पैसे नेमके कधी संपणार, हे करभरणा रोज किती येतो त्यावर ठरत होते. अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी आधी 1 जून सांगितला, मग 5 जून. तारीखच हलती असेल तर शेवटच्या क्षणी थांबण्याचा हिशेब कोणाला जमणार?

शेलिंग यांचा दुसरा सिद्धांतही इथे लागू पडतो: स्वतःचे हात बांधून घेतलेला माणूस सौद्यात वरचढ ठरू शकतो. काँग्रेसच्या खालच्या सभागृहाचे, म्हणजे प्रतिनिधिगृहाचे, सभापती आणि अध्यक्षांच्या विरोधी पक्षाचे केव्हिन मॅकार्थी जानेवारीत पंधराव्या फेरीत निवडून आले, तेही एकट्या सदस्यालाही सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव मांडता येईल, असे कबूल करून. त्यामुळे ‘मी तयार आहे, पण माझे लोक ऐकणार नाहीत’ हे त्यांचे म्हणणे पटण्याजोगे झाले. सुरुवातीला वाटाघाटीच नको म्हणणारे अध्यक्ष बायडन मे महिन्यात चर्चेला बसले. बांधलेले हात सोडवता मात्र येत नाहीत: ऑक्टोबरमध्ये त्याच नियमाने मॅकार्थींचे पद गेले.

उतारावर नुसते उभे राहण्याचीही किंमत पडते. 2011 मध्ये ओबामा आणि सभापती जॉन बेनर यांच्यातली ओढाताण 2 ऑगस्टला, अगदी शेवटच्या दिवशी मिटली. एकही हप्ता चुकला नाही. तरी तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पूअर्सने अमेरिकेचे पतमानांकन इतिहासात प्रथमच घटवले, आणि त्या वर्षी कर्ज सुमारे 1.3 अब्ज डॉलरने महागल्याचा अंदाज सरकारी लेखापरीक्षकांनी मांडला. कर्जाची चिंता म्हणून सुरू झालेल्या भांडणाने कर्जच महाग केले, हे मला अक्षम्य वाटते.

आणखी बोचते ती गोष्ट वेगळी. शेलिंग यांच्या चित्रात दोराला बांधलेले दोघेच असतात. खऱ्या सौद्यात तिसराही बांधलेला असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. 2023 मध्ये प्रतिनिधिगृहाने 217 विरुद्ध 215 मतांनी संमत केलेल्या विधेयकात गरिबांच्या आरोग्यविम्यासाठी, म्हणजे मेडिकेडसाठी, कामाची अट होती. 3 जूनला सही झालेल्या तडजोडीत ती गळली, पण स्नॅप या अन्नसाहाय्य योजनेत राहिली. अपत्यांची जबाबदारी नसलेल्या धडधाकट प्रौढांना महिन्याला 80 तास काम दाखवता आले नाही, तर तीन वर्षांत तीनच महिने मदत मिळते. ही अट 49 वर्षांपर्यंत होती, ती 54 पर्यंत नेली. बदल्यात माजी सैनिक, बेघर आणि सरकारी पालनपोषण व्यवस्थेतून (फॉस्टर केअर) बाहेर पडलेले तरुण यांना सूट मिळाली. त्यामुळे स्नॅपचे लाभार्थी थोडे वाढतील, असे काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने सांगितले. म्हणजे काटकसरीच्या नावाने घातलेली ही अट मुख्यतः कोणीतरी जिंकल्याचे दाखवण्यासाठी होती. पन्नाशीतल्या बेरोजगाराचे जेवण त्यासाठी पणाला लागले.

4 जुलै 2025 च्या कायद्याने कर्जमर्यादा एकदम 5 लाख कोटी डॉलरने वाढवली. या वेळी दोन्ही सभागृहे आणि अध्यक्षपद एकाच पक्षाकडे होते, उतारावर उभे राहण्याची गरजच नव्हती. त्याच कायद्याने स्नॅपची अट 64 वर्षांपर्यंत ताणली, मेडिकेडलाही कामाची अट लावली आणि माजी सैनिक, बेघर व त्या तरुणांना मिळालेली सूट काढून घेतली.