१० गिगाबिटची वाट, साडेतीन मेगाबिटचा वेग

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रातून निघणारा डेटा एका जागी मावत नाही; तो जगभरच्या संगणक केंद्रांत वाटला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले केंद्र सीएमएस प्रयोगाचा डेटा सांभाळते, तर कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधले अ‍ॅलिसचा.

इतक्या लांबच्या वाटेवर दोन्ही टोकांना सेकंदाला १० गिगाबिटची जोडणी असूनही फाइल रांगू शकते. मुंबई-जिनिव्हा जाऊन-येऊन १५० मिलीसेकंद धरू. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोहोचवण्याची नियमावली, पलीकडून पोच मिळण्याआधी ठरावीक मर्यादेपर्यंतच डेटा सोडतो. ती मर्यादा म्हणजे विंडो. वाट सतत भरलेली ठेवायला १८७.५ मेगाबाइट डेटा एकाच वेळी प्रवासात हवा. विंडो जुन्या ६४ किलोबाइटवर अडकली, तर वेग भरतो सेकंदाला साडेतीन मेगाबिट. मग सव्वातेरा मिनिटांच्या आसपास जाणाऱ्या १ टेराबाइटला २६ दिवस लागतात! म्हणून बफरची (डेटा तात्पुरता साठवायच्या जागेची) कमाल मर्यादा दोन्ही टोकांना वाढवावी लागते. एकाच टोकाला वाढवून काही साधत नाही.

खरा छळ हरवणाऱ्या पॅकेटांचा, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांचा. पारंपरिक टीसीपी एक पॅकेट गळाले की विंडो निम्मी करतो आणि नंतर दर फेरीला जेमतेम एका पॅकेटने वाढवतो. १,५०० बाइटच्या पॅकेटांनी पूर्ववत व्हायला इथे २ तास ४० मिनिटे लागतील. ९,००० बाइटच्या मोठ्या पॅकेटांनी, म्हणजे जंबो फ्रेमने, २६ मिनिटे. क्यूबिक, बीबीआर या टीसीपीच्या नव्या पद्धती लवकर सावरतात, पण गळतीवरचा इलाज त्या नव्हेत. अमेरिकेच्या ईएसनेट या संशोधन-जाळ्यावर राउटरमधले एक बिघडलेले लाइन कार्ड २२,००० पैकी १ पॅकेट टाकत होते आणि राउटर मात्र सगळे आलबेल असल्याचे सांगत होता. अशी गळती आवारात, १ मिलीसेकंदाच्या अंतरावर, जाणवतही नाही; १५० मिलीसेकंदांवर वेग दीडशेपट घटतो. म्हणूनच ‘आमच्याकडे चाचणी ठीक आली’ या वाक्याला फारशी किंमत नाही.

गळतीचे नेहमीचे संशयित म्हणजे कनेक्टरवरची धूळ, स्विचचे तोकडे बफर आणि संस्थेचा फायरवॉल. फायरवॉल हजारो छोट्या प्रवाहांसाठी बनवलेला असतो; एकच दांडगा प्रवाह आला की त्याचे बफर ओसंडतात. त्यामुळे डेटा पाठवणारा सर्व्हर जाळ्याच्या वेशीवरच, फायरवॉलबाहेर ठेवतात आणि राउटरवर ठरावीक पत्त्यांनाच परवानगी देतात. या रचनेला ‘सायन्स डीएमझेड’ म्हणतात. दोन्ही टोकांना पर्फसोनार हे जाळे मोजणारे साधन बसवले की विलंब आणि गळती यांची अखंड नोंद राहते.

जंबो फ्रेमचीही एक खोड आहे. वाटेतला एखादा टप्पा १,५०० बाइटच घेत असेल आणि ‘पॅकेट मोठे झाले’ हा आयसीएमपी निरोप (जाळ्यातली अडचण कळवणारा संदेश) फायरवॉल गिळत असेल, तर लॉगिन होते, साधे पिंग (पोहोच तपासणारे छोटे पॅकेट) जाते, फाइल मात्र सुरू होताच गोठते. अशा वेळी तुकडे करण्यास मनाई करून ८,९७२ बाइटचे पिंग पाठवावे. उरलेले २८ बाइट हेडरचे. ते परतले नाही, तर तोच टप्पा शोधायचा.