हार्डवेअर क्वर्क

एखादी चिप, उपकरण किंवा अख्खे मशीन मानकात लिहिल्याप्रमाणे वागत नसेल, तर तेवढ्यापुरती ऑपरेटिंग सिस्टीमच्या ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) केलेली वेगळी तजवीज म्हणजे क्वर्क. मूळ दोषालाही हाच शब्द वापरतात. मराठीत ‘खोड’ हा शब्द त्याला चपखल बसतो: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तशी सिलिकॉनमध्ये राहिलेली चूक विकल्या गेलेल्या चिपमधून काढता येत नाही.

१९९७ मध्ये उघड झालेला इंटेल पेंटियमचा ‘एफ००एफ’ दोष हे ठळक उदाहरण. कोणत्याही साध्या प्रोग्रॅमने एक विशिष्ट अवैध सूचना चालवली की प्रोसेसर जागीच थिजत असे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने इंटरप्टचा तक्ता (अडथळा किंवा चूक आली की प्रोसेसरने कुठे वळायचे, याची यादी) मेमरीच्या केवळ वाचता येईल अशा पानावर ठेवला. आता प्रोसेसर अडकण्याऐवजी पेज फॉल्ट (त्या पानाबाबतची चूक) येतो आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, फक्त त्या प्रोग्रॅमला थांबवतो.

सगळेच उपाय इतके कल्पक नसतात. बहुतेक दोन-चार ओळींचे असतात. अवघड असते ती दोषी हार्डवेअरची नेमकी ओळख. पीसीआय या जोडणीवरच्या उपकरणाला उत्पादकाचा आणि उपकरणाचा प्रत्येकी १६ बिटांचा क्रमांक असतो, पण तेवढ्याने भागत नाही. एकच ऑडिओ चिप दोन लॅपटॉपांत निरनिराळ्या तऱ्हेने जोडलेली असते. एकात स्पीकर वाजतो, दुसऱ्यात गप्प राहतो. तिथे उपप्रणालीचा, म्हणजे चिप ज्या लॅपटॉपात किंवा कार्डावर बसवली त्याचा, क्रमांक पाहावा लागतो. दोष मदरबोर्डात किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये) असेल तर डीएमआय तक्त्यातले, म्हणजे बायोसने दिलेल्या मशीनच्या माहितीतले, कंपनीचे व मॉडेलचे नाव आणि बायोसची आवृत्ती ताडून पाहतात. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर हे काम बहुधा डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचे लिखित वर्णन, करते. एसएसडीसाठी मॉडेलचे नाव अनेकदा पुरते: सॅमसंगच्या ८५० मालिकेसाठी लिनक्स ट्रिम आज्ञा (कोणती जागा आता रिकामी आहे हे डिस्कला कळवणारी) इतर आज्ञांच्या रांगेतून पाठवत नाही.

क्वर्क किती मशीनना लावायचा, म्हणजे जाळे किती मोठे टाकायचे, हा खरा विवेकाचा प्रश्न आहे. अरुंद टाकले तर त्याच दोषाची भावंडे सुटतात. रुंद टाकले तर निर्दोष मशीनचा वेग किंवा बॅटरी विनाकारण खर्ची पडते. माझ्या मते चूक व्हायचीच असेल तर अरुंदपणाच्या बाजूने व्हावी. अपवाद एकच, माहिती नष्ट होण्याचा धोका.

वेळही महत्त्वाची. लिनक्समध्ये पीसीआय क्वर्क कॉन्फिगरेशन वाचताना, ड्रायव्हर जोडण्यापूर्वी किंवा निद्रावस्थेतून उठताना असे वेगवेगळ्या टप्प्यांवर चालवता येतात. शेवटचा टप्पा हमखास विसरला जातो: सुरुवातीला दुरुस्त केलेले रजिस्टर (उपकरणातली सेटिंगची जागा) झोपेत मूळ पदावर येते, आणि झाकण उघडल्यावर दोष परततो.

कधी खोड फर्मवेअरच्या, म्हणजे बायोससारख्या हार्डवेअरमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमच्या, गृहीतकात असते. एसीपीआय या फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीममधल्या मानकात फर्मवेअर ‘_ओएसआय’ या प्रश्नाने समोरच्या सिस्टीमची चौकशी करू शकते. अनेक लॅपटॉपांचे फर्मवेअर मुख्यतः विंडोजवरच तपासलेले असल्याने लिनक्स विंडोजच्या नावांना होकार देतो आणि स्वतःच्या नावाला नकार.

यूएसबी उपकरणांसाठी लिनक्सच्या बूट पॅरामीटरमधूनही (सुरू होताना दिलेल्या सूचनेतूनही) क्वर्क देता येतो, म्हणजे कर्नल पुन्हा न बांधता उपाय पारखता येतो. तो लागू पडला की नोंद कायमच्या तक्त्यात जाते. ती काढणे मात्र दुर्मीळ: काही वर्षांनी तपासून पाहायला ते मशीनच कोणाकडे उरत नाही. म्हणूनच दोषाचे लक्षण आणि फर्मवेअरची आवृत्ती नोंदीशेजारीच टिप्पणीत लिहिलेली असावी.